घर आधी, वजावट नंतर

गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते म्हणून मध्यमवर्गीय माणूस घर घेऊ शकतो, हे गेली पंचवीस वर्षे आपण ऐकत आलो आहोत. बँकेचा माणूस ते सांगतो, बिल्डरच्या माहितीपत्रकात ते छापलेले असते, अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे त्याची चौकट करतात. मुंबई-पुण्याच्या चष्म्यातून पाहिले तर हे म्हणणे खरे वाटण्याजोगे आहे. पण उज्जैनसारखे शहर घ्यावे. ते फार मोठे नाही, अगदी लहानही नाही. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास होती. शिंदेशाहीपासून तिथे मराठी कुटुंबे नांदत आहेत आणि सरकारी नोकरी, रेल्वे, विद्यापीठ, बँका यांवर तिथला पगारदार वर्ग उभा आहे. या शहरात माणसे स्वतःच्या घरात कशी गेली याचा इतिहास लावून पाहिला, की वजावटीचे श्रेय भराभर कमी होत जाते. घर घ्यायचे की नाही, हा निर्णय उज्जैनच्या माणसाने वजावटीकडे पाहून घेतलेला नाही. घर कधी घ्यायचे, केवढे घ्यायचे, कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या नावावर, एवढ्यापुरता वजावटीचा हात पोचला. या दोन गोष्टींतला फरक बारीक वाटला तरी करसवलतीवर खर्च होणारा सार्वजनिक पैसा कुठे जातो, हे त्यावरच ठरते.

अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या हाती उज्जैन आले आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर नव्याने उभे केले. त्या काळी त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक अशी कितीतरी मराठी घरे क्षिप्रेकाठी स्थिरावली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी ही वस्ती उठली नाही. पुढे त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलेले गोपाळ मंदिर त्याची साक्ष देते. अशा वस्तीत घर येत असे ते चाकरीतून, इनामातून किंवा वडिलोपार्जित वाटणीतून. कर्जाचा आणि घराचा संबंध तेव्हाही होता, पण उलट्या बाजूने. घर घेण्यासाठी कर्ज काढत नसत. असलेल्या घरावर कर्ज काढत. मुलीचे लग्न, तीर्थयात्रा, कोर्टकज्जे, दुष्काळ अशा कारणांसाठी सावकाराकडे घर गहाण पडे. ताबेगहाणाची पद्धत सर्वांच्या ओळखीची होती: सावकार घराचा ताबा घेई, त्यात राही किंवा भाडे खाई, आणि तेच व्याज मानले जाई. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्रातून आलेला आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही मानलेला. मराठी मुलखातल्या माणसाला तो पाठ असे. या सगळ्या व्यवहारात कर्ज ही घराला लागलेली पीडा होती. गहाणखत सुटणे म्हणजे घराची अब्रू परत मिळणे. ही मनोवृत्ती पुढे फार काळ टिकली आणि वजावटीच्या हिशोबात तिला कुणी फारसे धरत नाही.

आता कायद्याकडे वळू. व्याजाची वजावट घरखरेदीला उत्तेजन म्हणून जन्माला आलेली नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात घरमालकाच्या घराचे वार्षिक मूल्य, म्हणजे ते भाड्याने दिले तर रास्तपणे किती येईल ती रक्कम, उत्पन्न मानली जात असे. मालक स्वतः त्या घरात राहत असला तरी हे काल्पनिक भाडे त्याच्या उत्पन्नात धरत. फक्त ते त्याच्या एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त धरायचे नाही, अशी मर्यादा होती. आणि ज्याअर्थी हे उत्पन्न मानले, त्याअर्थी ते मिळवण्यासाठी झालेला खर्च वजा करणे ओघाने आले. गहाणाचे व्याज हा असा एक खर्च. यात मेहेरबानी काही नव्हती, सरळ हिशोब होता. १९६१ च्या कायद्यानेही हीच चौकट पुढे चालवली. ती मोडली १९८६ मध्ये. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने स्वतःच्या राहत्या एका घराचे वार्षिक मूल्य शून्य धरले. उत्पन्न शून्य झाल्यावर त्यापोटीचा खर्चही शून्य व्हायला हवा होता, पण व्याजाची वजावट पाच हजारांच्या मर्यादेत राहू दिली. खर्चाची वजावट त्या दिवसापासून सवलत झाली. इंग्लंडमध्येही याच क्रमाने घडले होते: राहत्या घराच्या काल्पनिक भाड्यावरचा कर १९६३ मध्ये गेला, व्याजाची सूट मात्र २००० पर्यंत रेंगाळली. पुढे आपल्याकडच्या वजावटीला घरमालकीच्या धोरणाचे नाव मिळाले. मुळात ते एका मोडलेल्या हिशोबाचे उरलेले टोक होते.

उज्जैनला तर हा हिशोबही उशिराच लागू झाला. शहर ग्वाल्हेर संस्थानात होते आणि १९२२ चा कायदा संस्थानी मुलखाला लागू नव्हता. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १ एप्रिल १९५० पासून केंद्राचा प्राप्तिकर तिथे आला. म्हणजे शहराचा जुना भाग, पटणी बाजार, सिंहपुरी, कार्तिक चौक, आणि रेल्वेरुळांच्या पलीकडे संस्थानी काळातच आखलेले, सरळ रस्त्यांचे माधवनगर, ज्याला सारे फ्रीगंज म्हणतात, हे सगळे व्याजाच्या वजावटीचे नावही कुणाला ठाऊक नसताना बांधून झाले होते. फ्रीगंजच्या घरांना पैसा पुरवला तो व्यापाराने, गिरण्यांनी आणि संस्थानी नोकरीने.

१९५० नंतरची पस्तीस वर्षे या विषयाचा खरा गाभा आहेत, कारण भाडेकरू घरमालक झाला तो याच काळात. १९५७ मध्ये विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. सरकारी कचेऱ्या, वीज मंडळ, विमा, बँका यांच्या बदल्यांवर आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांत राहत. १९६१ साली मध्य प्रदेशचा स्थान नियंत्रण कायदा आला. भाडेकरूला काढायचे तर कायद्यात मोजून दिलेल्या कारणांपैकी एक कोर्टात सिद्ध करावे लागे. भाडेकरूला आधार मिळाला हे खरे, पण जागा भाड्याने देण्यात पैसा घालायला नवा माणूस कचरू लागला. एकदा दिलेली खोली परत मिळेल याची शाश्वती नाही, भाडे वाढत नाही, मग खोली बांधायची तरी कशाला? भाड्याच्या जागा आटत गेल्या आणि पगारदाराला स्वतःच्या घराखेरीज वाट उरली नाही. त्याच सुमारास घराच्या वाटाही खुल्या होत होत्या. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९५६ पासून घरबांधणी अग्रिम मिळू लागला होता. मध्य प्रदेशचे गृहनिर्माण मंडळ १९७२ च्या कायद्याने आले, नगर व ग्रामनिवेशाचा कायदा १९७३ मध्ये, आणि त्यातून विकास प्राधिकरण. सहकारी गृहनिर्माण संस्था शेतजमिनी घेऊन सभासदांना प्लॉट पाडून देऊ लागल्या. देवास रोड आणि इंदूर रोडच्या अंगाला ऋषिनगर, महानंदानगर, नानाखेडा अशा वसाहती वाढत गेल्या.

यातले 'प्लॉट' हे प्रकरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. उज्जैनचा मास्तर किंवा रेल्वेतला बाबू घर विकत घेत नसे. तो प्लॉट घेई. मग दोन-पाच वर्षे प्लॉट नुसताच पडून असे. भविष्यनिर्वाह निधीतून काही रक्कम निघाली की पाया आणि दोन खोल्या होत. स्वयंपाकघरावर पत्रा, बाकीवर स्लॅब. पुढच्या वेतन आयोगाची थकबाकी हाती आली की फरशी. मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. मध्ये कधी बायकोचे दागिने सोनाराकडे, कधी भावाकडून उसने, कधी पतपेढीचे कर्ज. जिन्याच्या टोकाला स्लॅबमधून वर आलेल्या गजांची टोके वर्षानुवर्षे तशीच ठेवलेली असत, पुढच्या मजल्याच्या आशेने. अशा घराच्या पैशाचा बराच भाग बचतीचा, आणि बचतीला व्याज नसते. म्हणून वजावटही नसते. कायद्याने भाऊ किंवा मित्राला दिलेले व्याजही चालते, पण भावाला व्याज देण्याची पद्धत नव्हती, आणि दिले तरी त्याचा दाखला कोण मागणार? पुढे वजावटीची मर्यादा पाच हजार होती की दहा, याने या माणसाच्या एका विटेतही फरक पडत नव्हता.

देशाच्या जनगणनेचे आकडे या गोष्टीला भक्कम आधार देतात. १९६१ मध्ये भारतातल्या शहरांत शंभरातली सुमारे चोपन्न कुटुंबे भाड्याने राहत होती. २००१ मध्ये हे प्रमाण साडेअठ्ठावीसवर आले. म्हणजे चाळीस वर्षांत भाडेकरूंचा वाटा जवळपास निम्मा झाला, आणि या चाळीसपैकी बहुतेक वर्षे वजावट एक तर काल्पनिक भाड्याच्या हिशोबात अडकलेली होती किंवा काही हजारांच्या मर्यादेत बसलेली होती. वजावटीने खरी उडी घेतली ती अर्थमंत्री यशवंत सिन्हांच्या अर्थसंकल्पांत. १९९८ मध्ये मर्यादा पंधरा हजारांवरून तीस हजार झाली, १९९९ मध्ये पंचाहत्तर हजार, २००० मध्ये एक लाख, २००१ मध्ये दीड लाख. चार अर्थसंकल्पांत दहापट. वजावटीमुळे घरे घेतली जातात हे खरे असेल, तर त्यानंतरच्या दशकात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचा वाटा झपाट्याने वाढायला हवा होता. तो २००१ मध्ये ६६.८ टक्के होता. २०११ मध्ये ६९.२ झाला. दहा वर्षांत अडीच टक्क्यांहूनही कमी. सवलत लहान होती तेव्हा लोक मोठ्या संख्येने मालक झाले, आणि ती मोठी झाली तेव्हा त्यांची गती मंदावली. हे आकडे देशाचे आहेत, एकट्या उज्जैनचे नाहीत; पण उज्जैन या चित्रापेक्षा वेगळे वागले असेल असे मानायला त्याच्या इतिहासात काही कारण सापडत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की २००० नंतर गृहकर्जांचा जो पूर आला तो कशाने? एच. टी. पारेख यांनी १९७७ मध्ये एचडीएफसी उभी केली, १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली, तरी गृहकर्ज हा बरीच वर्षे मोठ्या शहरांतला मामला होता. नव्या शतकाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मात्र सरकारी बँका उज्जैनच्या शाखांमधूनही कर्ज घ्या म्हणून मागे लागल्या. वजावट वाढली आणि कर्जे वाढली, मग संबंध कसा नाकारायचा? याचे उत्तर त्याच काळात घडलेल्या दुसऱ्या गोष्टीत आहे. नव्वदीच्या अखेरीस गृहकर्जाचा दर चौदा टक्क्यांच्या आसपास होता. २००३-०४ पर्यंत तो आठाच्या आसपास उतरला. दोन्हींचा हिशोब वेगवेगळा करून पाहू. महिन्याला बारा हजार पगार असलेला शिक्षक पाच लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी घेतो असे धरा. चौदा टक्क्यांनी त्याचा हप्ता ६,२१८ रुपये, म्हणजे अर्ध्याहून जास्त पगार. बँक त्याला उभेच करणार नाही. आठ टक्क्यांनी हप्ता ४,१८२ रुपये. वर्षाला चोवीस हजारांहून अधिक वाचले, आणि कर्ज आवाक्यात आले. आता वजावट. जुन्या दराने त्याचे पहिल्या वर्षाचे व्याज सत्तर हजारांच्या जवळ जाई, पण १९९८ च्या मर्यादेने त्यातले तीस हजारच वजा होत. वीस टक्क्यांच्या टप्प्यात अधिभार सोडून सहा हजार वाचत. नव्या दराने आणि दीड लाखाच्या मर्यादेने सगळे व्याज वजा होते, पण ते व्याजच मुळी ३९,६०० आहे. कर वाचतो सुमारे ७,९००. मर्यादा पाचपट झाली आणि या माणसाच्या पदरात दरसाल दोन हजारही जास्तीचे पडले नाहीत. घराचे दार उघडले ते व्याजदराने.

आणि दीड लाखाची वजावट पूर्ण वापरायची, तर आठ टक्के दराने एकोणीस लाखांचे कर्ज लागते, ज्याचा हप्ता पंधरा हजारांच्या पलीकडे जातो. त्या काळात उज्जैनच्या किती पगारदारांचा सगळा पगार तेवढा होता? वाढवलेली मर्यादा मुंबई, पुणे, बंगळुरूच्या तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या करदात्यासाठी होती. त्याचे घर महाग, कर्ज मोठे, कराचा दर वरचा. तिन्ही गोष्टींचा गुणाकार त्याच्या बाजूने. कापडगिरणीच्या कामगाराला यातले काहीच नाही. उज्जैनची विनोद मिल नव्वदीच्या दशकात बंद पडली, देण्यांचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालले, आणि कामगारांची कुटुंबे मिलच्या चाळीत दिवस काढत राहिली. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला कराची वजावट देणे म्हणजे काहीच न देणे. महाकालाच्या परिसरातला फुलवाला, हातगाडीवाला, पूजा सांगणारा गुरुजी, सतीगेटजवळच्या दुकानातला नोकर यांनाही घर हवेच असते. सवलतीच्या यादीत त्यांचे नाव नाही, आणि मला या धोरणातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो.

परदेशांतला अनुभव या निष्कर्षाशी जुळतो. डेन्मार्कने १९८७ मध्ये मोठ्या उत्पन्नाच्या करदात्यांची व्याजाची सवलत बरीच कापली. त्याचा दीर्घ काळ मागोवा घेणाऱ्या जोनाथन ग्रुबर, अमाली येन्सन आणि हेन्रिक क्लेव्हन यांच्या अभ्यासात दिसले ते असे, की घराचे मालक होण्याचे प्रमाण जवळपास तसेच राहिले; फरक पडला घराच्या आकारात आणि कर्जाच्या रकमेत. वेळेवर होणारा परिणाम इंग्लंडने दाखवला. १९८८ च्या मार्चमध्ये तिथले अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी जाहीर केले, की एकाच घरासाठी दोघांनी वेगवेगळी घेतलेली व्याजाची सूट ऑगस्टपासून बंद होईल. मधल्या चार-पाच महिन्यांत खरेदीची झुंबड उडाली, किमती चढल्या आणि पुढे बाजार कोसळला. जी माणसे कधी ना कधी घर घेणारच होती त्यांनी ते घाईने घेतले. आपल्याकडेही अमुक तारखेपर्यंत मंजूर झालेल्या कर्जालाच जादा वजावट, अशी कलमे २०१३, २०१६ आणि २०१९ मध्ये आली. त्यांचा परिणाम याच जातीचा असणार; निर्णय पुढे ओढण्याचा.

तरीही वजावटीने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने घराची कागदपत्रे बदलली. बँकेच्या कर्जावरच वजावट मिळवायची म्हटले की शेतजमिनीचे डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेतीत रूपांतर, झाले आहे का, नकाशा मंजूर आहे का, रजिस्ट्री आणि नामांतरण कुणाच्या नावाने आहे, हे सगळे पाहिले जाऊ लागले. विनापरवाना वसाहतीतला स्वस्त प्लॉट नुसत्या विक्रीच्या करारावर घेणाऱ्या माणसाला पहिल्यांदा वैध आणि अवैध यांतला फरक रुपयांत दिसला. हे काम मुख्यतः बँकेच्या वकिलाचे, पण पगारदाराला बँकेच्या दारात नेण्यात वजावटीचा वाटा होता. दर मार्चला बँकेकडून व्याजाचा दाखला आणायचा, तो कार्यालयात लावायचा आणि तेवढा कर पगारातून कापला जात नाही याची खात्री करायची, हा क्रम अंगवळणी पडला आणि गहाणाभोवतीची जुनी नामुष्की त्यात विरून गेली. वडिलांच्या पिढीला कर्ज फिटले की पेढे वाटावेसे वाटत. मुलाच्या पिढीतले सल्लागार त्याला कर्ज लवकर फेडू नकोस, वजावट जाईल, म्हणून सांगू लागले. हा सल्ला बहुतेकांना तोट्याचाच होता, कारण शंभर रुपये व्याज देऊन वीस रुपये कर वाचवणे यात ऐंशी रुपये जातातच. पण कर्जाकडे पाहण्याची दृष्टी पालटली, आणि ते या कायद्याचे लहानसहान काम नव्हे.

दुसरा बदल मला त्याहून मोलाचा वाटतो. वजावट माणशी मिळते. नवरा-बायको दोघेही घराचे मालक असतील आणि दोघेही कर्ज फेडत असतील तर दोघांनाही स्वतंत्र मर्यादा. शाळेत, बँकेत, दवाखान्यात नोकरी करणारी स्त्री घराच्या हप्त्यात आधीही हात देत होती. रजिस्ट्रीवर मात्र नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्यांचे असे. कर वाचवायचा तर तिचे नाव मालक म्हणून कागदावर यायलाच हवे, ही अट कायद्याने घातली. जे काम वारसाहक्काच्या सुधारणा फार हळू करत होत्या, ते इथे नवऱ्याच्या फायद्याच्या हिशोबातून झाले. हेतू कर वाचवण्याचा असला तरी हक्क खरा मिळाला. मध्य प्रदेशात स्त्रीच्या नावे रजिस्ट्री केल्यास शुल्कात जी सूट मिळते तिनेही याच दिशेला रेटा दिला.

उलट, उज्जैनची जुनी रीत या कायद्याला कधी समजलीच नाही. नुसत्या प्लॉटच्या कर्जावर वजावट नाही. घर उभे राहिले तरच. बांधकामाच्या काळातले व्याज घर पुरे झाल्यावर पाच वर्षांत पाच सारख्या हप्त्यांनी वजा करायचे. आणि घर ठरावीक मुदतीत, आधी तीन आणि २०१६ पासून पाच वर्षांत, पुरे झाले नाही तर मर्यादा घसरून तीस हजारांवर येते. खोलीला खोली जोडत पंधरा वर्षांत घर पुरे करणाऱ्याला या कलमांत जागा नाही. तयार फ्लॅटला आहे. इंदूर रोडवर इमारती वाढल्या त्यामागे जमिनीच्या किमती, लहान कुटुंबे आणि सुरक्षिततेची ओढ ही मुख्य कारणे खरी. पण कायद्याचे पारडेही त्याच बाजूला झुकलेले होते.

आता गेल्या काही वर्षांत सरकारने स्वतःच हा प्रयोग उलटा करून दाखवला आहे. २०१४ मध्ये मर्यादा दोन लाख झाली. २०२० मध्ये वजावटींशिवायची, कमी दरांची नवी करप्रणाली आली, २०२३ पासून तीच मूळची धरली गेली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर त्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरला नाही. राहत्या घराच्या व्याजाची वजावट या प्रणालीत नाही. उज्जैनच्या बहुसंख्य पगारदारांना जुन्या प्रणालीत राहण्याचे कारणच संपले आहे. म्हणून कुणी घर घ्यायचे थांबले, असे दिसत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकालेश्वर मंदिराभोवतीचे ‘महाकाल लोक’ हे संकुल खुले झाल्यापासून यात्रेकरूंची गर्दी वाढली, घरांच्या खोल्या पाहुण्यांसाठी निघाल्या आणि जमिनीला भाव चढला. त्यातच २०२८ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे, आणि सिंहस्थासाठी राखलेल्या क्षेत्रात पक्के बांधकाम करता येत नाही, म्हणून शहराला पसरायला दिशा मोजक्याच उरतात. जागा अशी अडलेली असताना खरेदीदाराच्या हाती जी सवलत द्यावी ती काही दिवसांत विकणाऱ्याच्या किमतीत जाऊन बसते.

शेवटचा आक्षेप असा, की वजावट काढून घेतली तर मध्यमवर्गाला घरासाठी सरकारची काहीच मदत उरत नाही. मदत हवी, याबद्दल दुमत नाही. ती चुकीच्या दिवशी मिळत होती. घराचा निर्णय अडतो तो पहिल्या दिवशीच्या रकमेपाशी. पंचवीस लाखांचे घर घ्यायचे तर बँक वीस लाख देते असे धरा. पाच लाख स्वतःचे. त्यावर मध्य प्रदेशातल्या शहरात मुद्रांक, नगरपालिकेचे उपकर आणि नोंदणी मिळून साडेबारा टक्क्यांच्या घरात शुल्क, म्हणजे तीन लाखांहून थोडे अधिक, आणि त्यासाठी कर्ज मिळत नाही. नऊ टक्क्यांच्या कर्जावर वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा जुन्या प्रणालीत पहिल्या वर्षी वाचणारा कर छत्तीस हजारांच्या आत. केंद्राने नऊ-दहा वर्षांत जे द्यायचे ते राज्य रजिस्ट्रीच्या टेबलावर एका दिवसात घेऊन जाते, आणि खरेदीदाराचे उत्पन्न करपात्र असो वा नसो, सगळ्यांकडून घेते. प्रधानमंत्री आवास योजनेतले व्याज अनुदान याहून शहाणपणाचे होते: ते थेट कर्जाच्या खात्यात जमा होई आणि लहान उत्पन्नाच्या कुटुंबांनाही मिळे. वजावटीतून वाचणारा पैसा केंद्राने राज्यांना भरपाई म्हणून द्यावा आणि राज्यांनी पहिल्या, लहान घराच्या रजिस्ट्रीवरचे शुल्क नाममात्र करावे, ही मागणी त्यामुळेच जास्त रास्त ठरते. अडचण पैशाची कमी आणि अधिकारांची जास्त आहे. मुद्रांक हे राज्यांच्या हाती उरलेल्या मोजक्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक आहे, जीएसटीनंतर तर अधिकच, आणि भरपाईच्या आश्वासनावर ते सोडायला कुठलेही राज्य सहजी तयार होणार नाही. ही वाटाघाट वित्त आयोगापुढेच व्हावी लागेल.